गळतीची रीतसर चौकशी

कुठलीही गळती थांबवण्याआधी तिची नोंद होणं आवश्यक असतं. नोंद न होताच जी गळती थांबते, ती मुळात झालीच नव्हती असं उद्या कोणीही छातीठोकपणे म्हणू शकतं, आणि मग भिजलेल्या गादीला आणि त्यावरून झालेल्या बोलाचालीला काही आधारच उरत नाही. अधीक्षकांनी हे तत्त्व पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळलं. त्यांच्या कारकिर्दीत एकही तक्रार नोंदीवाचून राहिली नाही, असं निरोप समारंभात सगळ्यांनी आवर्जून सांगितलं. (तक्रारी सोडवण्याचं टेबल वेगळं होतं. ते वरच्या मजल्यावर होतं.)

निवृत्त झाल्यावर अधीक्षकांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. मागे दोघांपुरती गादी, एक चिमुकला ओटा, ओट्यात वीतभर खोल सिंक, त्याखाली साठ लिटरची पाण्याची टाकी आणि नळ सोडला की खोकल्यासारखा आवाज करणारा पंप. हे सगळं घेण्यामागे एकच हेतू होता: काकूंना समुद्र दाखवणे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी; सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे. समुद्र दाखवण्याचं अधीक्षकांनी लग्नाच्या वर्षीच कबूल केलं होतं आणि ती बाब गेली चौतीस वर्षं विचाराधीन होती. दरवेळी रजेच्या तोंडावर काहीतरी निघायचं. काकूंनी त्यावरून कधी डोकं खाल्लं नाही. त्यांनी फक्त तीन वर्षांपूर्वी कोणाला न सांगता गाडी चालवायला शिकून घेतली. (अधीक्षकांना गाडी चालवता येत नाही. खात्याला ड्रायव्हर होता.)

समुद्रकाठचा व्हॅन उभ्या करायचा तळ रविवारी संध्याकाळी हंगामापुरता बंद होणार होता. म्हणून शुक्रवारी सकाळी निघायचं पक्कं झालं. सोमवारी काकू गादीवर चादर घालायला व्हॅनमध्ये चढल्या आणि त्यांचा पाय पचकन ओला झाला.

"अहो, आत पाणी आलंय," त्या म्हणाल्या.

दुसरा कोणी नवरा फडकं घेऊन धावला असता. अधीक्षक वही घेऊन आले. त्यांनी पहिला आदेश 'जैसे थे'चा काढला: पाहणी होईपर्यंत कोणीही काहीही पुसू नये, कारण पुसलेलं पाणी आपण कुठून आलो ते सांगू शकत नाही. न पुसलेलंही सांगत नाहीये, असं काकूंनी निदर्शनास आणलं. त्यांचं म्हणणं 'नागरिकांच्या सूचना' या रकान्यात घेण्यात आलं.

संध्याकाळपर्यंत गळतीचे तीन प्रकार निश्चित झाले. डोळ्यांना दिसणारी, पायाला जाणवणारी, आणि घरातल्याच माणसाच्या हातून सांडून गळतीचा आव आणणारी. तिसऱ्या प्रकारावर काकूंनी सही करायला नकार दिला, म्हणून तो फक्त पेन्सिलीने लिहिला गेला.

मंगळवारी समिती बसली. अध्यक्षस्थानी अधीक्षक, सदस्य म्हणून मेहुणे, म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. हे जन्मभर शाळेत गणित शिकवत आले होते आणि आता शिकवायला कोणी नसल्यामुळे जरा चुळबुळत होते. सिंकखालच्या फळीवरून थेंब पडत होते. पाणी फळीच्या मागून कुठूनतरी धावत यायचं आणि कडेला येऊन टपकायचं. त्या 'कुठूनतरी'चा काही पत्ता लागत नव्हता. मेहुण्यांनी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा थेंब, म्हणजे दिवसाला साधारण एक लिटर. या गतीने, दारं-खिडक्या घट्ट लावून ठेवल्यास, व्हॅन छतापर्यंत भरायला सत्तावीस वर्षं लागतील. तेव्हा घाईघाईने काही करण्याचं कारण नाही, यावर समितीचं एकमत झालं. (टाकी मुळात साठच लिटरची आहे, असं काकूंनी चहा देताना सांगितलं. त्यावर समितीने टाकी वेळोवेळी भरत राहण्याची शिफारस केली.)

बुधवारी थेंबांखाली ठेवलेली बादली गळते आहे असं लक्षात आलं. ही गळती मूळ गळतीत मिसळून आकडे फुगवत होती, आणि मेहुण्यांची रात्रभराची त्रैराशिकं पाण्यात गेली. बादलीखाली परात ठेवण्यात आली. परात सरळ बसत नव्हती, तिच्याखाली पुठ्ठा घातला. पुठ्ठा भिजला. पुठ्ठ्याची वेगळी नोंद झाली.

त्याच दुपारी काकूंनी गल्लीतल्या प्लंबरला बोलावून घेतलं. प्लंबर पाना घेऊन आला, वाकून पाहिलं आणि दहा मिनिटांचं काम आहे म्हणाला. अधीक्षकांनी त्याला अदबीने बसवलं, चहा पाजला आणि समजावलं की त्याची नेमणूक 'तांत्रिक निमंत्रित' म्हणून झाली आहे. त्याने मत द्यावं, हात लावू नये. एकदा का पाना फिरला की दोष कुठे होता ते कायमचं गुलदस्त्यात जाईल. प्लंबरने वहीत लिहिलं: 'पाणी गळत आहे.' अधीक्षकांना हे मत फार समतोल वाटलं. प्लंबर पाना खिशात घालून गेला आणि पुढे बरेच दिवस या घरावरून जाताना सायकलचा वेग वाढवायचा.

गुरुवारी कपाटाची फळी पाण्याने फुगली आणि दार बंद होईना, तेव्हा कपाटासाठी उपसमिती नेमावी लागली. (सदस्य तेच. पण फाइल वेगळी.) काकूंनी त्या दिवशी दोन घडीच्या खुर्च्या पुसल्या, कॅनव्हासच्या टोपीला नवा बंद शिवला आणि पिशव्या भरल्या.

शुक्रवारी सकाळी त्या व्हॅनपाशी आल्या तेव्हा अधीक्षक पायरीवर बसून सव्विसावं पान लिहीत होते. निघायचं ना, असं काकूंनी विचारलं. अधीक्षकांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. असं वाईट त्यांना त्या चौतीस वर्षांत दरवर्षी एकदा वाटे. कारण सापडल्याशिवाय निघणं बेजबाबदारपणाचं होईल, तळ पुढच्या हंगामात पुन्हा उघडेलच, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. काकूंचा चेहरा उतरला. अधीक्षकांनी तो उतरताना पाहिला आणि पटकन वहीत पाहिलं.

मग काकू व्हॅनच्या मागच्या चाकापाशी खाली बसल्या. टाकी रिकामी करायचा नळ तिथे होता. त्यांनी तो सोडला. सगळं पाणी अंगणातून वाहत जाऊन जास्वंदीच्या मुळाशी जिरलं. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन त्यांनी पुढच्या सीटखाली ठेवले, बादली, परात आणि पुठ्ठा उचलून मेहुण्यांच्या हातात दिला आणि व्हॅनमधली ओली जमीन एका फडक्याने लख्ख पुसून काढली. या सगळ्याला नऊ मिनिटं लागली. (मेहुण्यांनी मोजली.)

"आता पाणीच नाही, तर गळेल काय?" असं म्हणून त्या ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसल्या.

अधीक्षकांनी वही उघडली. हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार होता, तोही अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत, आणि वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

"येताय, की अहवाल पुरा करताय?" काकूंनी इंजिन चालू करत विचारलं.

इतक्या थोड्या शब्दांत अधीक्षकांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं. ही बाब विचारार्थ ठेवता येईल का, असं त्यांनी क्षणभर पाहिलं. पण व्हॅन हलायला लागली होती. ते वही काखेत मारून धावले आणि चालत्या गाडीत चढले. चढताना त्यांची एक चप्पल अंगणात राहिली.

शनिवारी दुपारी ते पोचले. काकू थेट पाण्यात गेल्या, गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मागे वळून अधीक्षकांना काहीतरी म्हणाल्या. अधीक्षक दुसरी चप्पल काढून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी वहीत एकही नोंद झाली नाही.

ही हकिगत आजवर पुष्कळांना सांगून झाली. सगळे शेवटपर्यंत मन लावून ऐकतात, अधीक्षकांना पोटभर हसतात, आणि मग प्रत्येकजण जरा पुढे सरकून विचारतो की पण पाणी नेमकं कुठून येत होतं? चौतीस वर्षांनी समुद्र बघून काकू काय म्हणाल्या, हे अजून एकाही माणसाने विचारलेलं नाही. तुमचाही प्रश्न तोच असेल तर लाजू नका. मेहुण्यांनी राजीनामा दिल्यापासून समितीत एक जागा रिकामी आहे. येताना वही तेवढी आपली आणा.