चौगले सरांची सरळ रेघ

"दुपारच्या जेवणाआधी ह्या रेडिओचं घुमणं बंद केलं नाही, तर पिराजी चौगले नाव लावणार नाही!"

अप्पांनी फोनवर लेकीला हे ठणकावून सांगितलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. लेक अदिती कॅनडात. तिची झोपायची वेळ झाली होती.

"अप्पा, नवा घ्या ना एक," ती जांभई देत म्हणाली.

"नव्यावर तुझी आई ऐकत होती का?"

यावर अदितीची जांभई अर्ध्यावरच राहिली. कॅनडापर्यंतची सगळी लाईन गप्प झाली. शेवटी अप्पाच म्हणाले, "बरं, फोन बंद करतोय. मोबाईल शेजारी असला की माझ्या यंत्राच्या पडद्यावर नुसती झुडपं उगवतात."

एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून अप्पा रिटायर झाले होते. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं बैठं घर, पुढं ओटा, ओट्याला लागून खिडकी. श्यामलाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी भाकऱ्या थापताना त्यांना रेडिओ लागायचा. लाकडी पेटीचा, भिंतीतल्या प्लगवर चालणारा. त्या गेल्यावर अप्पांनी त्याला हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात मन घट्ट करून खटका दाबला, तर आतून नुसतं 'घुंऽऽऽ'! जणू पेटीत कुणी भुंगा कोंडून, त्याला डिवचून, वर झाकण लावलंय!

आता अप्पांकडे एक डिजिटल ऑसिलोस्कोप होता. कॉलेजनं मोडीत काढलेला. दोन बटणं निखळलेली, पण पडदा ठणठणीत. हे यंत्र विजेचं चित्र काढतं. तार लावली की पडद्यावर हिरवी रेघ नाचायला लागते, आणि कुठल्या क्षणाला वीज किती वर गेली, किती खाली आली, ते दाखवते. अप्पांचा ह्या यंत्रावर जीव! श्यामलाबाई म्हणायच्या, "माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर मी बी नाचले असते."

अप्पांनी अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर खुर्चीत बसले. तार नीट चालते का ते बघायला तिच्या टोकावर त्यांनी बोट ठेवलं. पडद्यावर लगेच हिरवी लाट उठली. भिंतीतल्या वायरींची वीज हवेतून माणसाच्या अंगावरही थोडी उतरते, तीच ही लाट. वर्गात ही गंमत दाखवली की पोरं हसायची.

मग त्यांनी डाव्या हातानं रेडिओ लावला. घुंऽऽऽ सुरू झालं, आणि त्या घुमण्याच्या पार तळाशी, अगदी बारीक, कुणीतरी बाई भजन म्हणत होती. शब्द कळत नव्हते. पण तवा तापल्याचा वास मात्र त्यांना खरोखर आला. अप्पांनी डोळे मिटले. मान खुर्चीच्या पाठीवर टेकली, तोंड अर्धवट उघडं राहिलं, आणि बोट तारेवरून आपोआप सुटलं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या बनाबाई वाटीत अंबाडीची भाजी घेऊन ओट्यावर चढल्या.

बनाबाईंचे मालक मागच्याच वर्षी गेले होते. शेवटचे तीन दिवस त्या दवाखान्यात काचेबाहेर उभ्या होत्या. आत पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत ती सरळ झाली होती. आता खिडकीतून त्यांनी बघितलं, तर अप्पा बनियनवर, बोटाला तार, पडद्यावर लाट. आणि बघता बघता हात गळला, मान मागं पडली, रेघ सरळ!

"आगं आई गं!" बनाबाईंनी वाटी तिथंच टाकली आणि घराकडं धूम ठोकली.

अप्पांना काहीतरी पडल्यासारखं वाटलं. मांजर असेल, म्हणाले. डोळे पुसले, तार रेडिओच्या स्पीकरला लावली आणि कामाला लागले. पडद्यावर नुसता गोंधळ होता. गल्लीतून मिरवणूक जाताना हलगी, घुमकं, कैताळ सगळं एकदम कानावर आदळतं, तसला. पण ह्या यंत्रात आणखी एक बटण असतं. ते दाबलं की यंत्र वेळेचं चित्र सोडून देतं आणि एका सेकंदाला किती कंपनं, त्या हिशेबानं आवाज वेगवेगळे करून दाखवतं. हलगी एकीकडं, घुमकं दुसरीकडं! अप्पांनी बटण दाबलं. सगळा गोंधळ खाली बसला आणि शंभराच्या आकड्यावर एकच उंच सुळका उभा राहिला.

"सापडलास!" अप्पा ओरडले. पन्नासावर असता तर वायरिंगचा दोष. शंभरावर, म्हणजे आतला मोठा कपॅसिटर, वीज सपाट करणारी डबी, सुकलेला. तो बदलला की झालं!

शर्ट चढवला, हेल्मेट घातलं, दाराला कुलूप लावलं आणि स्कूटरवरून अप्पा कपॅसिटर आणायला गेले.

इकडं बनाबाई दारोदार फिरून अर्ध्या तासानं चार माणसं घेऊन परत आल्या, तर दाराला कुलूप!

"कुणीतरी दवाखान्यात नेलं वाटतं," एकजण म्हणाला.

"आता नेऊन काय उपेग!" बनाबाई म्हणाल्या. "रेघ सरळ झालीया. म्या माझ्या डोळ्यांनी बघितली!"

अप्पांचा फोन लावला, तो बंद. मग त्यांनी पेठ वडगावला अप्पांच्या थोरल्या बहिणीला, अंबूबाईंना फोन लावला. अंबूबाई गुडघेदुखीनं जागच्या उठू शकत नव्हत्या, पण रडणं जाग्यावरूनही जोरात करता येतं. रडत रडत त्यांनी मुरगूडला धाकट्या भावाला, गुंडूला फोन केला. "गुंड्या, आपला पिरू गेला रं! पोरीला एवढ्यात कळवू नगा. तू आधी जा!"

गुंडू आणि अप्पा नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण अदितीची लग्नपत्रिका! तीत 'आपले नम्र' ह्या मथळ्याखाली एकवीस नावं होती. मावसभावाच्या मेव्हण्याचंही होतं. सख्ख्या चुलत्याचं, गुंडूचं, तेवढं नव्हतं. "प्रेसनं घोळ घातला," अप्पा सांगत राहिले. गुंडू लग्नाला आला नाही, आणि त्यानंतर कशालाच आला नाही.

इकडं अप्पांना कपॅसिटर मिळेना. असला जुना माल आता ठेवत नाही, म्हणाले पहिल्या दुकानात. दुसऱ्यात म्हणाले, रेडिओ? कशाला? पाचव्या दुकानात खालच्या खोक्यात एक मिळाला, तोवर अडीच वाजून गेले होते. अप्पा विजयी मुद्रेनं गल्लीत वळले आणि बघतात तर माणसंच माणसं! मुरगूडच्या भावकीनं भरून आलेला टेम्पो आडवा लावलेला. एकाच्या हातात मडकं, दुसऱ्याच्या खांद्यावर बांबू.

"पावणं, गाडी जरा मागं लावा," एक अनोळखी माणूस म्हणाला.

"कोण गेलं?" अप्पांनी हेल्मेटमधूनच विचारलं.

"चौगले सर."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? वर! बॉडी यायची हाय अजून."

अप्पांना क्षणभर खरंच वाईट वाटलं. मग आपण चौगले सर असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. आता बोलणार, एवढ्यात ओट्यावरून हंबरडा ऐकू आला. पायरीवर गुंडू बसला होता. टोपी मुठीत, दाढी वाढलेली, नऊ वर्षांत पुरता म्हातारा झालेला.

"दादा! एका चिटोऱ्यापायी तुझ्यासंगं बोललो न्हाई रं! माझंच चुकलं! धाकट्यानं एवढा ताठा करायचा असतो व्हय?"

माणसानं अशा वेळी हेल्मेट काढावं. अप्पांनी काढलं नाही. हे शब्द ऐकायला ते नऊ वर्षं थांबले होते. आणखी थोडं ऐकू, म्हणाले मनात.

"आता कुणाला दादा म्हणू मी?" गुंडूनं कपाळ बडवून घेतलं.

"मला की!" अप्पांच्या तोंडून निघून गेलं.

सगळी गल्ली वळली. अप्पांनी हेल्मेट काढलं. मडकं धरणाऱ्याच्या हातातून मडकं सुटलं आणि फुटलं. बनाबाई मटकन खाली बसल्या. गुंडू उठला, गर्दीतून वाट काढत आला, अप्पांचे दोन्ही गाल त्यानं चाचपून बघितले.

"जिता हायस?"

"हाय की."

गुंडूचे हात पुढं आले. आता मिठी मारणार, असं वाटलं. पण मध्येच ते थांबले आणि त्याचा चेहरा लाल झाला. "मग ही समदी माणसं रडवायला बोलावलीस व्हय?"

"मी कुणाला बोलावलं? मी कपॅसिटर आणायला गेलतो!"

"आन् मी बोललो ते?"

"ऐकलं सगळं."

"ते मेलेल्या माणसाला म्हटलंतं," गुंडू म्हणाला. "जित्याला न्हाई!"

गर्दीत कुणीतरी हसलं. बनाबाई रेघेचं सांगत होत्या, पण त्यांच्यावर विश्वास कोण ठेवतो! शेवटी अप्पांनी दार उघडून त्यांना आत नेलं. यंत्र चालू केलं आणि त्यांचं बोट तारेच्या टोकावर ठेवलं. लाट उठली.

"ही बघा, तुमची बी उठली. ही काळजाची न्हाई. ही भिंतीतल्या वायरींची. बोट काढलं की सरळ."

बनाबाईंनी बोट काढलं. रेघ सरळ झाली. पुन्हा ठेवलं, लाट उठली. पुन्हा काढलं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजे अप्पा, आमच्या मालकांची बी... कुणी तार काढली असंल का?"

एकतीस वर्षं शिकवणाऱ्या माणसानं ह्या प्रश्नावर आधी यंत्र बंद केलं.

"न्हाई, बनाबाई. ते मशीन वेगळं असतंय. ते काळजाचंच असतंय."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत बाहेर पडल्या. ओट्यावर सांडलेली अंबाडी त्यांनी जाता जाता गोळा केली.

अंबूबाईंना फोन करून भाऊ जिवंत असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आणखी मोठ्यानं रडून घेतलं. भावकी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेली. आत राहिले दोघेच. गुंडू श्यामलाबाईंच्या फोटोकडं बघत उभा होता.

"माझ्यासाठी टेम्पो भरून आलास," अप्पा म्हणाले. "तिच्यासाठी एकटा बी आला न्हाईस. दिवसभर दाराकडं बघत हुतो मी."

"आलतो."

"कुठं?"

"पुलावर. तिथनं खाली घाट दिसतोय. तुमी समदी दिसत हुता. धूर दिसत हुता." गुंडूनं टोपी झटकली, पुन्हा मुठीत घेतली. "वैनीनं मला न्हाऊ घातलंय रं, आई गेल्यावर. पर खाली याचा धीर झाला न्हाई. तू म्हणशील, आता आलास व्हय."

आपण तसं म्हटलंच असतं, हे अप्पांनाही माहीत होतं. त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"गुंडू, प्रेसनं घोळ न्हाई घातला. पत्रिकेचं प्रूफ मीच वाचलंतं. दोनदा."

"मंग नाव मुद्दाम गाळलंस?"

"न्हाई रं. आईची शपथ."

"मंग?"

"विसरलो. एकवीस नावं लिवली, आणि तुझं आठवलंच न्हाई."

मुद्दाम गाळलं असतं तर भांडता तरी आलं असतं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. गुंडूनं टोपी डोक्यावर ठेवली आणि एक शब्द न बोलता उंबरा ओलांडला.

मयताच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. आल्या वाटेनं मुकाट निघायचं असतं. मडक्याची खापरं चुकवत माणसं टेम्पोत चढत होती, आणि एकानंही 'येतो' म्हटलं नाही. सवयच तशी, त्यांचा काय दोष! अप्पा दारात उभे राहिले. जेवणाची वेळ टळून गेली होती, रेडिओ तसाच होता, कपॅसिटर खिशात टोचत होता.

टेम्पो चालू झाला. दोन हात पुढं गेला आणि थांबला. पुढच्या सीटवरून गुंडू उतरला. धापा टाकत ओट्यापर्यंत आला, पण पायरी काही चढला नाही.

"दादा," तो खालूनच म्हणाला, "येतो."

अप्पा पायरीपर्यंत पुढं आले.

"आन् पत्रिकेचं मी विसरल्यालो न्हाई!" असं मोठ्यानं बजावून तो वळला आणि जाऊन बसला.

तेव्हा कुठं अप्पांच्या तोंडून "ये रं" निघालं. पण टेम्पो एव्हाना दणदणत निघाला होता, आणि गुंडूला ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.