नुस्तं वाढा

मार्शल लॉ उठला, तरी सोलापूरची पेठ काही उठली नव्हती. तेव्हा घोंगड्यांचे व्यापारी गुरुबसप्पा यांनी ठरवलं, की यंदा माल वेंगुर्ल्याच्या खाली, थेट समुद्रकाठी न्यायचा. तिथले लोक बारा महिने ओले. त्यांना सांगोल्याची घोंगडी नको का? विचार उत्तमच होता. त्यांच्या पत्नीला, नीलम्माला, मात्र त्यात फक्त मासे दिसले.

"तितं पान्याला बी वास असतोय म्हनं," ती म्हणाली. "आपुन लिंगायत मानसं. बाटून आलात तर उंबऱ्याच्या आत पाय टाकू देनार न्हाय, सांगून ठेवते."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ हाय व्हय?"

"भात तेवढा घ्यायचा. वर काय घालू म्हनलं, की सांगायचं, नुस्तं! बास."

बाजारात वाघ असलेले गुरुबसप्पा हा शब्द आंबोलीचा घाट उतरेपर्यंत घोकत होते.

ते उतरले रवळू तांडेलाकडे. गावातल्या होड्या त्याच्या शब्दावर निघत. त्यानं घोंगडी घेतली, की वाडी घेणार. त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, तांबड्या भाताचा ढीग वाढला आणि विचारलं, "आनी काय वाढू?"

"काय न्हाय. नुस्तं."

शेवंती हरखलीच. त्या किनाऱ्यावर नुस्तं म्हणजे मासळी. घाटावरचे पाहुणे मासळीला नाकं मुरडतात, आणि हा भला माणूस तोंडानं मागतोय! तिनं तळलेला बांगडा आणला.

गुरुबसप्पा पाटावरून उडाले. "शिव शिव! बाई, ह्ये न्हवं! नुस्तं! नुस्तं!"

"बांगडो आवडना नाय वाटता," रवळू म्हणाला. "गो, सुरमय हाड."

सुरमई आली. गुरुबसप्पा आणखी मोठ्यानं ओरडले. कोळंबी आली. आरडाओरडा ऐकून शेजारणीही आपापल्या चुलीवरचं घेऊन धावल्या. एका म्हातारीचे तर डोळे भरून आले. "बिचाऱ्याच्या मुलखात नुस्तां गावना नाय," असं म्हणून तिनं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, अख्खं भांडंच पुढ्यात ठेवलं. गुरुबसप्पा गळ्यातलं लिंग मुठीत धरून तुळशीमागे जाऊन उभे राहिले.

रवळूही आता हट्टाला पेटला. टोपलीतला एक फडफडता मासा उचलून त्यानं तो पाहुण्याच्या नाकासमोर धरला. "ह्यां बघा ताजां नुस्तां! आता तरी जेवा!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. "मासं नगं!" गुरुबसप्पा किंचाळले. "मासं नगं मला!"

मग वाडी अशी हसली, की रवळूला खाली बसावं लागलं. त्यानंतर नव्या भांड्यात कुळथाची पिठी शिजली. ती गुरुबसप्पांना इतकी आवडली, की मुक्काम लांबला. ते अमसुलाचं सार प्यायला शिकले, होडीत चढण्याआधी पाय धुवायला शिकले आणि ताटावर बसताच ठणकावून सांगू लागले, "माका नुस्तां नको!" हे ऐकायला लोक मुद्दाम येत, आणि आलेला माणूस घोंगडी घेतल्याशिवाय जात नसे.

सगळा माल खपवून ते घरी परतले. नीलम्मा दारातच उभी होती.

"माल खपला?"

"समदा!"

"आन खान्याचं कसं केलंत?"

गुरुबसप्पांनी लिंगावर हात ठेवला. असा निर्मळ अभिमान त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता. "शपथ घिऊन सांगतो. नुस्तं म्हनून तोंडात घातलं न्हाय मी!"

नीलम्माचा चेहरा पडला. "अय्यो शिवा! मग कशाकशासंगं खाल्लंत?"

"अगं, तसं न्हवं! नुस्तं म्हंजी मासं!"

"असं व्हय?" नीलम्मानं कमरेवर हात ठेवले. "लगीन झाल्यापास्नं मला म्हनताय, नुस्तं बसून खातीस. म्हंजी मी हितं बसून मासं खाती?"

आणि दार लागलं.