लतिकाताईंचा भूकंप

रविवारी सकाळी साडेसहाला लतिका रामटेके यांनी डाव्या कुशीवर वळायला मान फिरवली आणि समोरचं कपाट गरगरत निघून गेलं. पाठोपाठ खिडकी गेली, घड्याळ गेलं, पलंग होडीसारखा कलंडला. दोन दिवसांपासून डोकं ज्वारीच्या पोत्यासारखं जड होतं खरं, पण त्या क्षणी ते कुणाला आठवतंय! त्यांनी नवऱ्याला धरून गदागदा हलवलं.

“अहो, उठा! भूकंप होऊन राहिला!”

संघपाल जागे झाले ते हलतच. त्यामुळे त्यांची लगेच खात्री पटली. बनियनवरच ते जिन्यातून दारं बडवत सुटले, “उतरा! उतरा खाली!” मागून लतिकाताई कठडा धरून, पायरी शोधत उतरल्या.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतली ती तीन मजली बिल्डिंग पाच मिनिटांत रिकामी झाली. शेजारच्या सिंधूताई कुकर छातीशी कवटाळून आल्या होत्या. नातू वरच राहिला होता. त्याला सुनेनं आणलं.

“लतिका वं, वर पाह्य जरा! गच्ची झुकली का?” सिंधूताई ओरडल्या.

लतिकाताईंनी वर पाहिलं आणि अख्खी बिल्डिंग त्यांच्या अंगावर आली.

“आला! परत आला!”

सगळे मटकन खाली बसले. तीसेक माणसं एकाच वेळी बसलेली पाहून समोरच्या बिल्डिंगमधलेही धावत उतरले.

तेवढ्यात लतिकाताईंचं लक्ष नळाखालच्या भरल्या बादलीकडे गेलं. पाणी काचेसारखं स्थिर. त्यांनी मान डावीकडे वळवली. पृथ्वी फिरली. मान सरळ धरली. थोड्या वेळानं पृथ्वी थांबली. पुन्हा वळवली, पुन्हा फिरली. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईंना तिसऱ्या प्रयोगाची गरज पडली नाही. डोक्यात काही भयंकर तर झालं नसेल? आणि नसेल झालं, तर आता गावभर हसं!

समोरच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टर नंदिनीला त्यांनी हाताला धरून बाजूला नेलं.

“हळू बोल पोरी. भूकंप माह्याच डोक्यात आहे.”

नंदिनीनं त्यांना बोलतं केलं, हातपाय उचलायला लावले, मग सिमेंटच्या बाकावर आडवं करून मान वळवली आणि डोळ्यांत टक लावून पाहिलं.

“घाबरू नका, काकू. कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक कण असतात. ते जागेवरून सरकले, की मान वळवली रे वळवली, मेंदूले वाटते सगळं फिरून राहिलं. लकवा-बिकवा काही नाही. कण जागेवर नेऊ, चला.”

तिनं त्यांची मान हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे नेली, कुशीवर वळवलं आणि उठवून बसवलं. जग एकदा जोरात फिरलं आणि जागच्या जागी थांबलं. एव्हाना बाकाभोवती अख्खी वसाहत जमली होती.

लतिकाताई उभ्या राहिल्या. घसा खाकरला. “ऐका गा सगळे. भूकंप-बिकंप काही आला नाही. मले चक्कर आली होती. माफ करा.”

“असं कसं?” सिंधूताई उसळल्या. “मंग माह्या घरचा पंखा काहून हालला?”

“आमच्या भिंतीले तडा गेला, आत्ता पाहून आलो!” मागून कुणीतरी ओरडलं.

“आमची मांडणी वाजली, मॅडम. मी सोता ऐकली!”

“अहो, पण बादलीतलं पाणी...”

ऐकायला कुणी तयार नव्हतं. दहा मिनिटं कडाक्याची चर्चा झाली आणि एकमतानं ठरलं: भूकंप आलाच होता, आणि त्यानंच बिचाऱ्या लतिकाताईंना चक्कर आली. त्यातही, सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं! संघपाल तर अभिमानानं मान डोलावत होते.

सिंधूताईंनी कुकर सुनेच्या हाती दिला आणि नंदिनीला कोपऱ्यात गाठलं.

“डॉक्टर, तिचा कान पुरा दुरुस्त नोका करू बापा,” त्या कुजबुजल्या. “थोडा राहू द्या. बिल्डिंगच्या कामी येईल.”