बर्नडेटला शोधायला अख्खं गाव

“नोरा, या गावात काही हरवलं तर गुपचूप शोधायचं. मदत मागायची नाही. मागितलीस तर मिळते!”

शाळेच्या ऑफिसातल्या मिसेस कुबेनांनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, जर्दाळू भरलेला गोड पाव, इथलं कोलाची, तोंडात असताना. मी हसून सोडून दिलं. म्हटलं, म्हातारीचं काहीतरीच! मी कॉलेज शिकलेली बाई, तेही आकडेवारीचा विषय घेऊन. शिवाय माझ्या नजरेतून काही म्हणता काही सुटत नाही. आमची हॅटी दहा महिन्यांची आहे. तिला शिंक येणार हे तिच्या नाकाच्या आधी मला कळतं!

आणि शाळेच्या नोंदणी विभागातलं माझं काम तरी काय होतं? गेल्या वर्षी शाळेत असलेलं प्रत्येक पोर यंदा कुठे आहे, ते राज्य सरकारला कळवायचं. पास होऊन गेलं? छान. दुसऱ्या शाळेत गेलं? त्या शाळेकडून तसं लिहून आणा. घरीच शिकतंय? आईबापांची सही आणा. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पोर वर्गातही नाही आणि पत्ताही नाही, तर त्याच्या नावावर शिक्का बसणार: ‘शाळा सोडली’.

डॅलससारख्या मोठ्या शहरात एका पोराने कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या हॉडेक्स बेंडमध्ये बारावीचा अख्खा वर्ग एकतीस जणांचा! एक जरी गळलं तरी टक्केवारी जिन्यावरून पडल्यासारखी धाडधाड खाली येते. त्यात गेल्या वर्षी शाळेला ‘ए’ श्रेणी मिळाली, तेव्हा गावाने ती पाण्याच्या टाकीवर रंगवून घेतली होती. गावाच्या नावापेक्षा मोठी! मुख्याध्यापक मिस्टर स्टॅसनी रोज सकाळी खिडकीतून त्या टाकीचं दर्शन घेतल्याशिवाय कॉफीला हात लावत नसत.

त्या सोमवारी बारावीच्या तीस मुलांचा हिशोब चोख लागला. राहिली एक. बर्नडेट ओर्साक.

“कोण ही?” मिस्टर स्टॅसनींनी विचारलं.

“गेल्या वसंतात आली, सर. मावशीकडे राहायची. उन्हाळ्यानंतर आलीच नाही.”

“दिसते कशी?”

मी फोटो दाखवला. जुन्या शाळेकडून आलेला, सहावीतला. दातांना तारा, बाटलीच्या बुडासारखा चष्मा आणि कपाळावर शिंगरासारखी झुलपं. शिक्षकांना विचारलं. एक म्हणाले, उंच होती. दुसरे म्हणाले, बुटकी होती. गणिताच्या बाई म्हणाल्या, “मागे बसायची बहुतेक. की ती खुर्ची रिकामी होती?”

मावशीचा फोन बंद. पत्त्यावर गेले तर तिथे चार विटा आणि एक मांजर. मावशीचं घर चाकांवरचं होतं, ते चाकांसकट गेलेलं!

“नोरा,” मिस्टर स्टॅसनी हळूच म्हणाले, “शुक्रवारची शेवटची घंटा व्हायच्या आत ही मुलगी वर्गात बसलेली दिसली पाहिजे. नाहीतर तो ‘ए’ पुसायला मला स्वतः शिडी चढावी लागेल. आणि मला उंचावर चक्कर येते!”

“सर, तुम्ही बिनघोर राहा. मी शोधते म्हणजे सापडलीच!”

हे बोलताना माझा एक डोळा फोनवर होता. गैरसमज नको, कामचुकारपणा नव्हे! हॅटीच्या पाळण्यावर मी कॅमेरा लावला आहे. माझा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मग मी काय भिंतीवर विश्वास ठेवू? कॅमेऱ्यात पाळणा दिसतो, हॅटी दिसते आणि बर्डीचं कोपर दिसतं.

बर्डी म्हणजे हॅटीला सांभाळणारी. सोन्यासारखी पोरगी! लॉन्ड्रीच्या भिंतीवर चिठ्ठी लावली होती तिने, ‘बाळं सांभाळते. बर्डी.’ तिची मी तासभर मुलाखत घेतली होती. घशात घास अडकला तर काय करशील? ताप चढला तर? द्राक्ष कसं चिरशील, उभं की आडवं? “उभं, आणि चार तुकडे,” ती म्हणाली. मी तिथेच विरघळले. त्या कोपराकडे बघितलं की माझी धडधड थांबायची.

मंगळवारी, बुधवारी मी भोवतालच्या सगळ्या शाळांना फोन लावले. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यापर्यंत पोचले! कुठे बर्नडेट नाही. गुरुवारी सकाळी मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, “मिसेस कुबेना, आता प्रार्थना-साखळी!”

त्यांनी फोनवर पालथा पंजा ठेवला. “नको गं बाई.”

“अहो, एक साधा निरोप तर द्यायचाय!”

प्रार्थना-साखळी म्हणजे चर्चच्या बायकांची फोनाफोनी. कुणी आजारी पडलं, कुणाची गाय अडली, की पहिलीने दुसरीला कळवायचं, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. साखळीची पहिली कडी मिस व्लास्टा. मी त्यांना एवढंच म्हटलं, “बर्नडेट ओर्साक शाळेत येत नाहीये. कुणाला दिसली तर सांगा.”

डबे उघडायच्या वेळेपर्यंत, साखळीच्या म्हणण्यानुसार, बर्नडेट घरीही आलेली नव्हती. दुपारच्या कॉफीला तिची चप्पल नदीकाठी सापडली. (ती आमच्या पोलीस डेप्युटी लायलची निघाली. जुलैत मासे धरताना हरवलेली. त्याला फार आनंद झाला.) संध्याकाळी चर्चबाहेरच्या पाटीवर अक्षरं चढली, ‘बर्नडेट, घरी ये, कुणी रागावणार नाही.’

शुक्रवारी सकाळी शाळेत आले तर पटांगणात अग्निशमनचे स्वयंसेवक, तीन होड्या, घोडेस्वारांचं मंडळ आणि शेतावर औषध फवारणारं विमान! विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं आणि बायका सँडविचेस बांधत होत्या. त्याच दिवशी शाळेचा होमकमिंगचा, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा, फुटबॉल सामना. पोरी रिवाजाप्रमाणे छातीवर टोपलीएवढी कागदी शेवंतीची फुलं आणि गुडघ्यापर्यंत रिबिनी लावून आलेल्या, त्या तशाच झुडपांत शिरल्या. दहा वाजता एक शोधणारा आजोबाच हरवला. मग अर्धं गाव त्याच्या मागे!

“नोरा!” मिस्टर स्टॅसनींचा चेहरा टाकीसारखा पांढरा झाला होता. “टीव्हीवाले विचारतायत, शाळेने मुलगी कधीपासून हरवलीय?”

“सर, शाळेने हरवली नाही, ती फक्त...”

“ती फक्त काय?”

आता मला खरंच भीती वाटायला लागली होती. इतके दिवस मी टक्केवारी शोधत होते. पण सतरा वर्षांची पोरगी दीड महिना कुठेच नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही! माझी हॅटी उद्या अशी मागच्या खुर्चीवर बसली तर? सवयीने फोन उघडला. कोपर दिसलं. जरा बरं वाटलं.

तेवढ्यात कोपर हललं आणि फोन वाजला.

“मिस नोरा,” बर्डी कुजबुजत होती, “अंगणात दोन घोडे उभे आहेत.”

“घाबरू नकोस, आपलेच लोक आहेत! एका मुलीला शोधतायत.”

“हो, म्हणाले ते. बर्नडेट ओर्साक दिसली का म्हणून विचारत होते.”

“मग काय सांगितलंस?”

“नाही म्हणाले.”

“बरोबर!”

“मिस नोरा... ती मीच आहे.”

मी खुर्चीत बसले. खुर्ची तिथे नव्हती!

घरापर्यंत गाडी कशी चालवली ते मला विचारू नका. बर्डी पायरीवर बसली होती, मांडीवर हॅटी. तारा गेलेल्या, चष्मा गेलेला, झुलपं गेलेली.

“अगं, तू शाळेतली?” मी ओरडले. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते की! तुम्ही ऑगस्टमध्ये फोनवर रडत होतात ना, सोमवारपासून येच म्हणून? मी म्हणाले, सोमवारी शाळा सुरू होतेय. तुम्ही म्हणालात, ‘तेच तर! म्हणून तर तू हवीस, मी शाळेतच काम करते!’”

मला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. पायरी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“म्हटलं, आठवडाभर करू, मग सांगू,” ती हॅटीचा मोजा नीट करत म्हणाली. “पण सकाळी दार उघडताना तुम्हाला किती हायसं वाटायचं! मला बघून इतका आनंद कुणाला होत नाही हो. मावशी रात्रपाळीहून येते ती थेट झोपायला. शाळेत तर माझं नावही कुणाला माहीत नव्हतं.”

“आता आहे,” मी म्हटलं. “विमानालासुद्धा! चल, ऊठ! एकच वर्ष राहिलंय ना तुझं?”

“हो. मला बाळांची नर्स व्हायचंय. पण आता गेले तर सगळे हसतील.”

“हसले तर मला हसतील. मी पुढे चालते, तू मागून ये!”

दोघींना गाडीत कोंबलं आणि सुसाट निघाले. घड्याळात दोन वाजून गेलेले. शेवटची घंटा साडेतीनला. वेळच वेळ! आणि मघाशी मोकळ्या असलेल्या पुलापाशी आता आडवा लावलेला अग्निशमनचा बंब. समोर डेप्युटी लायल, पायात सापडलेली चप्पल.

“मॅम, रस्ता बंद आहे. मुलगी हरवलीय.”

“ही काय ती मुलगी! शाळेत पोचवतेय!”

लायलने खिशातून सहावीतला फोटो काढला. बर्डीकडे बघितलं. फोटोकडे बघितलं. “नाही हो मॅम. फोटोतल्या मुलीला तारा आहेत.”

“त्या काढल्या!” बर्डी म्हणाली.

“आणि चष्मा?”

“लेन्स लावते!”

“ताई, सकाळपासून तिघींनी मला हेच सांगितलं. सगळ्यांना पूल ओलांडून सामन्याला जायचंय.”

“लायल, ओळखपत्र दाखवेल ती!”

“मावशीच्या घरात आहे,” बर्डी पुटपुटली, “नदीपलीकडे.”

मागे गाड्यांची रांग लागली. हॅटीने भोंगा सुरू केला. तीन वाजले! पूल समोर, शाळा पुलापलीकडे आणि पोरगी शेजारी बसलेली असून तिच्यावर ‘शाळा सोडली’ शिक्का बसणार! नोकरी मिळवताना तो उभा जन्म पाठ सोडणार नाही तिची. माझं डोकं फिरलं. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मी किंचाळले, “लायल! मीच पळवली होती हिला! ऑगस्टपासून माझ्या घरात आहे!”

त्याबरोबर सगळं सुरळीत झालं! काय विलक्षण चपळाई दाखवली त्याने! क्षणात आम्ही तिघी पोलिसांच्या गाडीत मागे, वर लाल-निळे दिवे, पुढे भोंगा. आमच्या मागे बंब, त्यामागे घोडे, आणि वर विमान.

“लायल, आधी शाळा,” मी जाळीतून म्हटलं. “कबुलीजबाब मुख्याध्यापकांसमोर देईन.”

“तुमचा हक्क आहे, मॅम,” तो गंभीरपणे म्हणाला.

शेवटच्या तासाची वीस मिनिटं उरली होती. मिसेस कुबेनांनी हॅटीला उचललं, मी पोलिसांच्या देखत बर्डीचं नाव दाखल केलं आणि मिस्टर स्टॅसनींनी तिला हाताला धरून स्वतः वर्गात नेलं. गणिताचा वर्ग. सगळी पोरं उठून उभी राहिली, टाळ्या! गणिताच्या बाई रडायलाच लागल्या. “पुढच्या खुर्चीवर बस,” म्हणाल्या, “आणि पुस्तक काढ.” बर्डी लाजून लाल, पण बसली! घंटा झाली, ती आत होती! मिस्टर स्टॅसनी बाहेर आले आणि त्यांनी मला उचलून गरागरा फिरवलं. मग माझ्या मनगटाला धरून उभा असलेला लायल त्यांना दिसला.

खुलासा करता करता सामन्याची वेळ झाली. मैदान खच्चून भरलेलं. मला वाटलं, चला, मिटलं सगळं! इतक्यात भोंग्यावरून आवाज आला, “आपली बर्नडेट सुखरूप आहे!” काय तो जल्लोष! “आणि जिने तिला दीड महिना घरात ठेवून घेतलं आणि पाच दिवस ओक्लाहोमापर्यंत शोधलं, त्या शाळेच्या नोंदणी विभागाच्या नोरा इथेच आहेत. नोरा, जरा उभ्या राहा!”

राहिले. काय करणार? हरवलेले आजोबाही सापडले होते, त्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

सध्या हॅटी ऑफिसात माझ्या टेबलाखाली असते. मिस्टर स्टॅसनी तिला ‘आमची बत्तिसावी’ म्हणतात. तिने दोन महत्त्वाचे कागद चघळले आहेत, पण ते असो. बर्डी चारनंतर येते, आधी गृहपाठ, मग हॅटी. तिच्या बीजगणितात मी बोलत नाही. आकडेवारीबद्दल तर या गावात मी तोंडच उघडत नाही.

तुमच्याकडेही असेल ना कुणीतरी, बाळ सांभाळणारी, सोन्यासारखी, वेळेवर येणारी? आज ती आली की द्राक्षाचं नंतर विचारा. आधी तिचं आडनाव विचारा. आणि सोमवारी सकाळी ती खरं तर कुठे असायला हवी, तेही एकदा बघून या.