बॉनम गेला, मॅन!

रविवारी सकाळी श्यामकांत दाढी करत असताना समोरच्या कुंदाताईंनी दारातून हाक मारली, "श्याम, फोन आहे रे तुझा. घाटकोपरहून कुणी नंदकुमार. आवाज बरा वाटत नाही त्याचा."

मुलुंडच्या त्या सोसायटीत फोन एकच, कुंदाताईंचा. त्यामुळे कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली, कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, हे आधी कुंदाताईंना कळे आणि मग ज्याचं त्याला. श्यामकांत अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावला. कुंदाताई शेजारी गवार निवडत बसल्या. दुसऱ्याचा फोन चालू असताना त्यांना नेहमी शेजारीच काहीतरी निवडायचं असे.

लाइनीत खरखर फार होती. श्यामकांतला ओरडून बोलावं लागत होतं.

"कोण? काय म्हणतोस? बॉनम? मॅन! बॉनम, मॅन, गेला?"

 रिसीव्हर ठेवून तो भिंतीला टेकून उभा राहिला. साबणावरून पाणी ओघळलं तेव्हा कुंदाताईंच्या हातातली गवार थांबली.

कुंदाताईंनी ऐकलं होतं ते 'बबनमामा गेला' असं. बबनमामा म्हणजे श्यामकांतचे सख्खे मामा, दहिसरला राहणारे. कुंदाताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण श्यामकांतच्या आईच्या तोंडून त्यांच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की रस्त्यात दिसले असते तर ओळखले असते. श्यामकांतच्या लग्नाच्या पत्रिकेत मामांचं नाव छापायचं राहून गेलं, तेव्हापासून भाऊ-बहिणीचं तोंड पाहणं बंद होतं.

"कधी रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"गुरुवारी. आज पेपरात आलंय."

"पेपरात?" गिरणीतून रिटायर झालेल्या माणसाची बातमी पेपरात यावी याचं कुंदाताईंना नवल वाटलं. "अचानकच?"

"झोपेतच म्हणे."

"पितृपक्षात गेले. सरळ वर जातील हो. पुण्यवान माणूस."

श्यामकांतला भरून आलं. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर बॉनम गेल्याचं दुःख या इमारतीत कुणाला तरी समजावं, आणि तेही कुंदाताईंना, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली.

"आईला तू सांगतोस का मी सांगू?"

"आईला काय सांगायचं, कुंदाताई. तिला काय कळणार आहे," असं म्हणून त्यानं शर्ट चढवला आणि तसाच घाटकोपरला गेला. पोराला आईसमोर जायचा धीर होत नाही, असं समजून कुंदाताईंनी गवारीची परात बाजूला ठेवली आणि ते काम अंगावर घेतलं.

घाटकोपरला नंदकुमारच्या खोलीवर चंद्रप्रकाश आधीच येऊन बसला होता. मधे पेपर पसरलेला. बातमी एवढीशी, तीही टायरच्या जाहिरातीखाली. तिघे कॉलेजात भेटले ते या संगीतापायी, आणि नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी महिन्यातून एक रविवार तिघांचा असे. नंदकुमारचा बोटीवरचा आतेभाऊ पहिली रेकॉर्ड घेऊन आला, त्या दिवसापासून नंदकुमारनं घरातला एकही डबा सरळ ठेवला नव्हता. सगळे उपडे, वाजवायला.

"काठ्या टाकून नुसत्या हातांनी वाजवायचा, यार," नंदकुमार म्हणाला. "मी करून बघितलं होतं. आठ दिवस भात कालवता येत नव्हता."

"पण बँड उभा होता तो गिटारवर," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याचं हे मत जुनंच होतं. "दुसरा ड्रमर घेतील आणि पुढे जातील."

"दुसरा घेतील?" नंदकुमार उठूनच उभा राहिला. "तुझी बायको गेली तर दुसऱ्या दिवशी दुसरी आणशील?"

"बायकोला मधे आणू नको हां!"

"अरे, निदान आज तरी भांडू नका," श्यामकांत म्हणाला.  नंदकुमारनं रेकॉर्ड लावली. त्याच्या बायकोनं, शुभानं, चहा आणून ठेवला, तिघांची तोंडं बघितली आणि आवाज कमी करा म्हणायचं त्या दिवसापुरतं सोडून दिलं. बाजू संपली तरी सुई मधेच करकरत राहिली. उठवत कुणालाच नव्हतं.

उरलेल्या रेकॉर्डी श्यामकांतकडे होत्या, म्हणून दुपारी तिघे मुलुंडला आले. घराला कुलूप. खाली कुंदाताईंचे यजमान, श्यामसुंदर, झोपाळ्यावर बसले होते. ते लगबगीनं उठले.

"आहेस कुठे तू? आई, तुझी मिसेस आणि आमची ही, टॅक्सी करून दहिसरला गेल्या. आईंनी फार लावून घेतलंय रे. मला कळवलंसुद्धा नाही, तीन दिवसांनी शेजारणीकडून कळतंय, असं म्हणून नुसत्या रडत होत्या. आमच्या हिनं तुमच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केलेत, तू काळजी करू नको."

"पण झालं काय?"

"काय म्हणजे? तुझे बबनमामा गेले ना! तूच तर फोनवर म्हणालास."

 श्यामकांत जिन्याच्या पायरीवरच बसला. बॉनम, मॅन. बबनमामा. दोन्ही शब्द त्यानं मनातल्या मनात एकामागून एक उच्चारून पाहिले.

"वाट लागली," तो म्हणाला.

दहिसरला पोचेपर्यंत त्यानं दोघांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. "तिथे कुणी काही बोलायचं नाही. जे काय आहे ते मी बघतो. नंदू, तू तर तोंडच उघडू नको."

चाळीच्या दारात चपलांचा ढीग होता. आत पंधरा-वीस माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती आणि सगळ्यांच्या हातात चहा होता. मधोमध खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, खुद्द बबनमामा.

विमलामामींनी श्यामकांतला दारातच गाठलं. "काय रे हे? मी सकाळी वालाच्या बिरड्याला फोडणी देत होते, नि तुझी आई हंबरडा फोडत आत आली! हे मोरीतून तोंड पुसत बाहेर आले तर किंचाळून खालीच बसली. मग एकेक जण यायला लागलं. मी म्हटलं, सांगूया सगळ्यांना, चुकलंय म्हणून. तर हे म्हणतात, अजिबात सांगू नको, येऊ दे. कोण कोण येतंय ते मला बघायचंय."

मामा खरोखरच बघत होते. दारात नवीन माणूस आलं की ते मान पुढे काढत. आलेला माणूस दचके, मग हसे, मग हसणं बरं दिसत नाही म्हणून गप्प बसे. "काशीराम नाय इलो," मामा मधेच म्हणाले. "जवळ रवता. बोरिवलीक. पण नाय इलो."

श्यामकांतची आई, सुगंधाबाई, खिडकीपाशी भावाकडे पाठ करून बसल्या होत्या. श्यामकांतची बायको क्षमा आणि कुंदाताई दोन्ही बाजूंना. कुंदाताईंना कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं. भाऊ-बहिणीत आल्या आल्या जे काय बोलणं झालं, ते क्षमानं नवऱ्याच्या कानात सांगितलं. मामा म्हणाले होते, "मी मेलंय म्हणान इलंस?" आणि सुगंधाबाई म्हणाल्या होत्या, "मेलंस म्हणानच इलंय. नायतर कित्याक येतंय?" 

श्यामकांत घसा साफ करून खरं काय ते सांगणार, एवढ्यात मामांची नजर नंदकुमारवर गेली. घरभर बसलेल्या माणसांत डोळे सुजलेला तो एकटाच होता. मांडीवर रेकॉर्डींची पिशवी धरून तो खाली मान घालून बसला होता.

"ह्यो कोण?" मामांनी विचारलं. "ह्यो खराच रडता."

"माझा मित्र आहे, मामा. त्याचं जरा..."

"तू थांब." मामा पुढे वाकले. "कोणासाठी रडतंस रे, झिला?"

नंदकुमारनं श्यामकांतकडे बघितलं. पण सकाळपासून त्याला हे विचारणारं वडीलधारं माणूस पहिलंच भेटलं होतं.

"बॉनम," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

"कसो होतो तो?"

"मागे बसायचा, काका. टाळ्या पुढच्यांना मिळायच्या, फोटो पुढच्यांचे यायचे. याच्याकडे बघायचंसुद्धा नाही कुणी. पण सगळे उभे होते ते याच्या जोरावर. हात जड होता, दणका बसला की घर हलायचं. पण नीट ऐकलं ना, तर कळायचं, तो बाकीच्यांना सांभाळून घेतोय. पुढचा चुकला तर हा थांबायचा त्याच्यासाठी. आणि आम्ही काय केलं? हा असणारच, असं धरून चाललो."

 मामांचा हात जड होता हे तिथल्या निम्म्या भाच्या-पुतण्यांना गालावर ठाऊक होतं. चंद्रप्रकाशनं पहिल्यांदाच गिटारचा विषय काढला नाही.

"आता बाकीच्यांनी एकत्र राहण्यात काही अर्थ नाही," नंदकुमार म्हणाला. "तो नाही तर ते घरच नाही."

खिडकीपाशी सुगंधाबाईंनी तोंडाला पदर लावला. श्यामकांत पुढे सरकला, पण क्षमानं त्याचा शर्ट मागून घट्ट धरला.

दिवेलागणीपर्यंत माणसं पांगली. कुंदाताई जाताना मामांच्या पाया पडल्या, ते का हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग मामांनी श्यामकांतला बाहेर गॅलरीत बोलावलं.

"बहिरो नाय मी," ते हळू म्हणाले. "तुझो तो मित्र बोलत होतो तो माझ्याबद्दल नाय. माका कोण मागे बसवतलो? कोण होतो तो?"

श्यामकांतनं सांगितलं. इंग्लंड, बँड, ड्रम, सगळं. मामांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"वय काय?"

"बत्तीस."

"पोरां?"

"दोन आहेत म्हणे."

 मामांनी आत जाऊन खुंटीवरचा पंचा घेतला.

"विमले, पाणी ठेव. न्हातंय."

"आता? तिन्हीसांजेला? कित्याक?"

"अगो, आज सगळी रडली ती माझ्या नावान. बत्तीस वर्साचो झील गेलो, त्येच्या नावान कोणी न्हालाच नाय."

विमलामामी उठायच्या आत सुगंधाबाई उठल्या होत्या. त्यांनी पातेलं भरलं, स्टोव्हवर चढवलं, आणि भावाकडे न बघता पंप मारायला सुरुवात केली.