सुपडूभाऊचे बाण

या, जवळ बसा. उंबऱ्यात उभं राहून काय विचारता, "अक्का, बरी आहेस का?" बरी नसायला काय झालं मला! मागच्या वेळी अर्धा चहा टाकून पळालात, ते विसरले नाही मी. आज सुपडूभाऊची गोष्ट ऐकल्याशिवाय सोडायची नाही.

सुपडूभाऊ आमच्या शेजारचा. साठीचा माणूस, पण खिशात तंबाखू नाही की सुपारी नाही, खडू! दर रविवारी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून निघतो आणि बसस्टँडपासून विजेच्या खांबांवर, भिंतींवर बाण काढत सुटतो. अक्षर एक नाही, नुसते बाण. पहिला माझ्या भिंतीवर, हात बसवायला. मग हाक मारतो, "अक्का, रेघ सरळ शे ना?"

"शे रे बाबा, शे," म्हणते मी. वाकडी असली तर तसंही सांगते. मग पुसतो, पुन्हा काढतो.

हा मूळचा पाट्या रंगवणारा पेंटर. अर्ध्या धुळ्याची दुकानं याच्या हातची. पुढे बाटली लागली आणि हात थरथरायला लागला. एकदा दूध डेअरीच्या पाटीवर पाच पायांची म्हैस काढली. मालक हुशार, त्याने ती तशीच ठेवली. लोक पाय मोजायला थांबायचे आणि जाताना दूध घेऊन जायचे. सुपडूभाऊ आता हसून सांगतो, "पाचवा पाय म्हैसना नव्हता अक्का, बाटलीना व्हता." पण तेव्हा हसायला घरात कोणी उरलं नव्हतं. त्याची बायको सरू शिव्या-मार खाऊन थकली आणि साक्रीला भावाकडे निघून गेली.

मग एका डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. रविवारी अकरा वाजता, शाळेच्या बाजूला. सतरंजीवर माणसं बसलेली दिसतील." आता पत्ता विचारायचा कुणाला? गावभर पिऊन लोळताना लाज वाटली नाही, पण सोडायचं ठिकाण विचारताना जीभ उचलेना! शाळेच्या आसपास तीन चकरा मारल्या. एका गल्लीत मांडव दिसला, सतरंजी, माना खाली घातलेली पंधरा-वीस माणसं. याने चपला काढल्या आणि जाऊन बसला.

आपल्याकडे कोणी गेलं की माणसं दारावर बसायला येतात, माहीत आहे ना? बोलायचं काही नसतं. गप्प बसायचं, हात जोडायचे, उठायचं. तर सुपडूभाऊ बसला होता नेमका अशाच एका दारावर! त्याला वाटलं, बठ्ठा लाजी ऱ्हायनात, सगळेच लाजताहेत. कोणीतरी सुरुवात करायला हवी. म्हणून हाच उभा राहिला.

"मनं नाव सुपडू. मी दारूड्या शे."

आणि धडाधड सगळं सांगितलं. म्हैस सांगितली, सरूवर उचललेला हात सांगितला, विकलेले ब्रश सांगितले. सांगता सांगता ढसढसा रडला. सगळा मांडव आ करून बघतोय. शेवटी त्या घरचे आबा उठले, याचा हात धरला आणि म्हणाले, "भाऊ, मना मोठा भाऊ नव्वदीना व्हईसन गया. सकाळपासून रडू येत नव्हतं. तुझं ऐकलं आणि आलं. पण तुझी बैठक पुढच्या गल्लीत आहे. चल."

घरात सुतक असताना त्या आबांनी याला बैठकीच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.

त्या दिवसापासून हे बाण, थेट बैठकीच्या दारापर्यंत. म्हणतो, "प्रत्येकाले आबा भेटतीन का, अक्का? कोणाले इचारानं काम नको." मी दटावलं, की अरे, बाकीच्यांची नावं उघड झाली तर? म्हणाला, "मनं नाव खुशाल सांग. दुसरानं नाव मना तोंडमा येणार नही." म्हणून तर अक्षर काढत नाही.

बाणांनी घोटाळेही होतात. एकदा पारोळ्याचं वऱ्हाड मंगल कार्यालयाचे बाण समजून वाजतगाजत थेट बैठकीत शिरलं. नवरदेवाला बाहेर काढलं, वरमाईला काढलं, पण नवरदेवाचे एक मामा उठेनात. म्हणाले, "मी थोडा वेळ बसतो." नाव विचारू नका. दर रविवारी येतात आता.

सुपडूभाऊला दारू सोडून वर्ष झालं, वर सहा महिने. मी म्हटलं, "मग सरूला फोन कर ना!" तर म्हणाला, "फोनवर लई वचनं दी टाकात, अक्का. आता तिना कानले मना आवाज नको."

मागच्या रविवारी मी भाजी घेऊन येत होते. साक्रीची गाडी थांबते तिथल्या खांबावर एक बाण दिसला, लाल खडूचा. बैठकीची वाट उजवीकडे, हा डावीकडे. म्हटलं, चुकला की काय मेला! म्हणून त्या बाणामागे निघाले. दुसरा दिसला, तिसरा दिसला. शेवटचा सुपडूभाऊच्या दाराच्या चौकटीवर. तो ओट्यावर बसला होता.

"अरे, सरूला घर माहीत नाही का?"

"मालूम शे," बोटाला लागलेला लाल रंग पुसत तो म्हणाला. "पण कोणीतरी वाट देखी ऱ्हायनं, हाई तिले समजाले पाहिजे."

मग हळूच, "रेघ सरळ शे ना, अक्का?"

सरळ होती हो. पट्टी लावल्यासारखी. मला मात्र नीट दिसेना, तो भाग वेगळा.

म्हणून सांगते, लवकर या पुन्हा, आणि येताना साक्रीची गाडी थांबते त्या थांब्यावर उतरा. लाल बाण धरून या. माझं घर त्याच्या शेजारीच, चहा मी ठेवते. सरू येईल तेव्हा येईल; तोवर त्या बाणांवरून कोणीतरी चालत आलेलं त्याला एकदा दिसू द्या.