दोन जागा

ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण कोणाच्याही कोडमधली वाकडी ओळ त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. त्या सोमवारी मॅनेजरबाई मात्र नव्या मुलीच्या स्क्रीनपाशी रेंगाळल्या.

"बघा मास्तर, हिचा लिस्प भाषेतला कोड कसा पायरीपायरीनं उतरतोय. टीमचे नियम हिलाच लिहायला सांगावेत म्हणते. शुक्रवारी ठरवू."

मास्तर हसले, हसताना दाढ ठणकली. दहा वर्षं टीमला नियम सांगत आले होते ते मास्तरच. पण त्यांनी रचलेला मॅक्रो, म्हणजे भाषेला शिकवलेला नवा शब्द, वापरला की कोड लिहायचा एडिटर आतल्या ओळी ढकलत पार उजव्या कडेला नेऊन बसवायचा. हिच्या मॅक्रोखाली मात्र नेमक्या दोन अक्षरांच्या जागा सोडून ओळ सुरू.

'कोणतं सेटिंग केलंस?' हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

"चहा घेतलास?" त्यांनी विचारलं.

"घेतला ना, सर."

तीन दिवस मास्तरांनी सेटिंग्ज उपसली. नियम एका मॅक्रोपुरता हवा होता, पण मत्सराला माप कुठलं? त्यांनी लिहिलं: मॅक्रोचं नाव कोणतंही असो, ओळ दोन जागा आत. तो नियम चारशे फाइलींवर फिरवला, तिच्याही, आणि सगळ्या आपल्या नावानं टीमच्या साठ्यात जमा करून टाकल्या.

शुक्रवारी बाईंनी ग्राहकांच्या तक्रारींची यादी उघडली. "तारखा उलट्या छापतंय, ते कोणाचं?"

नव्या मुलीनं फाइलीचा इतिहास काढला. ज्यानं ओळीला शेवटचा हात लावला, त्याचं नाव ओळीपुढे. "सरांचं."

"आणि शोध अडकतो ते?"

"तेही सरांचंच. सगळंच सरांचं दिसतंय."

"मी फक्त ओळी सरकवल्या," मास्तर म्हणाले.

"कशाला हो?"

"हिच्यासारख्या दिसाव्यात म्हणून. कोणतं सेटिंग केलंयस गं तू?"

"मी कुठे काय केलं? मॅक्रोचं नाव 'डेफ'नं सुरू केलं की एडिटर आपणहून दोन जागा सोडतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

बाईंनी यादी मिटली. "नियम हिला लिहू दे, मास्तर. तुम्हाला आता वेळ कुठला? सत्तावीस तक्रारी तुमच्या नावावर आहेत."

संध्याकाळी नियमांची फाइल आली. पहिलीच ओळ होती: 'अडलं तर विचारावं.' मास्तरांनी ती दोनदा वाचली. ओळ अगदी कडेला चिकटलेली होती. त्यांना राहवलं नाही. त्यांनी ती दोन जागा आत घेतली.

आता त्या ओळीपुढेही त्यांचंच नाव आहे.